डिस्कची कड

"मिस्त्री, जुनी गाडी घेतोय. ब्रेक पॅड किती किलोमीटर चालतील?"

गाडी कुठली, कुठे उभी आहे, हे सांगायच्या आधी गिऱ्हाईक फोनवर हे विचारून मोकळं होतं. त्याला आकडा हवा असतो, आणि आकडा माझ्याकडे आहे. छोट्या पेट्रोल गाडीचे पुढचे पॅड तीस हजारांपासून साठ हजार किलोमीटरपर्यंत जातात. एका डिस्कवर पॅडचे दोन, फार तर तीन जोड संपतात. मागच्या ड्रमचे लायनर बऱ्याचदा लाखाच्या जवळ पोचतात. यातलं काही खोटं नाही. पण तीस आणि साठ यांत दुपटीचा फरक आहे. 'पगार किती' असं विचारल्यावर कुणी 'वीस ते चाळीस' म्हणालं तर आपण पुन्हा विचारूच ना?

गाडीसोबत येणारं पुस्तक उघडून बघा. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, प्लग, बेल्ट, सगळ्यांपुढे किलोमीटर छापलेले असतात. ब्रेक पॅडपुढे बहुतेक पुस्तकांत 'तपासा' एवढंच असतं, दर दहा हजाराला किंवा वर्षाला. कंपनीने हात झटकलेत असं गिऱ्हाइकांना वाटतं. मला मात्र पुस्तकातली ही ओळ फार प्रामाणिक वाटते. ऑइल इंजिन फिरेल तसं जळतं. पॅड गाडी थांबेल तसा झिजतो, आणि कुठली गाडी कुठे, किती वेळा, कशी थांबणार हे कारखान्यात बसून कुणाला कळणार?

मी हे काम सांगलीत शिकलो आणि साताऱ्यात केलं. दोन्ही जिल्हे कृष्णेच्या काठचे, अंतर मोटारीने अडीच-तीन तासांचं, गाड्याही त्याच. ब्रेक मात्र दोन्हीकडे वेगळ्या कारणांनी मरतात. हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली, कारण गॅरेजवाल्यापुढे गाडी येते ती बिघडलेली. ती कुठून चालून आली हे तो विचारत नाही.

सांगलीला शंभर फुटी रस्त्यावर गॅरेज आणि स्पेअर पार्टच्या दुकानांची रांग आहे. तिथल्या एका वस्तादांच्या हाताखाली मी आयटीआय झाल्या झाल्या लागलो. सांगली सपाट. मिरज, कुपवाड, विश्रामबाग, माधवनगर, कुठेही जा, गाडी चढ असा चढत नाही. अशा गावात पॅड मजेत पन्नास-साठ हजार जातात. मग गिऱ्हाईक ब्रेकची काय तक्रार घेऊन यायचं? गाडी एका बाजूला ओढते. चाक गरम होतं. अॅव्हरेज पडलं. पेडल दाबलं की डावीकडून किरकिर येते आणि उजवीकडून नाही.

चाक खोललं की कारण समोर दिसायचं. छोट्या गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना मोकळ्या असतील तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. सांगलीच्या पावसात काळी माती रिमच्या आत थापली जाते, तिचं वाळून सिमेंट होतं. पिनेवरचं रबर कुठेतरी फाटतं, पाणी आत जातं, पिना गंजून बसतात. मग कॅलिपर सरकायचा थांबतो. पेडल सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. आतला पॅड पत्र्यापर्यंत संपलेला आणि बाहेरचा जवळजवळ कोरा, असे जोड मी त्या दिवसांत ढिगाने काढले. अलॉय व्हीलच्या फटीतून वाकून बघणाऱ्याला दिसतो तो बाहेरचाच पॅड. सेकंडहँड गाडी बघायला आलेला माणूस मोबाइलचा टॉर्च मारून 'पॅड हायेत की' म्हणतो, तेव्हा तो नेमका चुकीचा पॅड बघत असतो.

वस्तादांची एक सवय मी उचलली. पॅड बदलले की पिना बाहेर काढायच्या, पॉलिश पेपरने साफ करायच्या, रबर तपासायचं आणि पिनांसाठी मिळणारं सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. बेअरिंगचं ग्रीस तिथे लावलं की रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिना आधीपेक्षा घट्ट बसतात. सिलिकॉनच्या ग्रीसची ट्यूब महाग म्हणून बरेचजण डब्यातलंच बोट फिरवतात. पॅडचं आयुष्य पॅडच्या कंपनीवर किती आणि या बोटभर ग्रीसवर किती, यावर मला विचाराल तर मी ग्रीसच्या बाजूने बोलेन.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मी तेव्हा साताऱ्यात होतो. पाणी ओसरल्यावर मदतीला म्हणून सांगलीला गेलो आणि आठवडाभर चाकंच खोलत बसलो. इंजिनात पाणी गेलेली गाडी सगळ्यांना कळते, सीट भिजलेली दिसते. ड्रम उघडला की आत गाळाची वडी, लायनर बॅकप्लेटला चिकटलेले. पॅडच्या पत्र्याला गंज धरला की त्या गंजाने फुगून वरचा मसाला सुटायला लागतो, तो अजून जाड असला तरी. ब्रेक ऑइलच्या बाटलीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. गाडी बुडली की तिथून पाणी आत जातं. त्या पुरातल्या काही गाड्या धुऊन, सुकवून, सीट कव्हर चढवून पुढे बाहेरच्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. साताऱ्यात अशी एक गाडी माझ्याकडे आली. मीटरवर चाळीस हजारसुद्धा नव्हते, पुढचे पॅड जाड होते. मागचा ड्रम हातोडीने ठोकून काढावा लागला, आणि आतल्या कोपऱ्यात वाळलेला काळा गाळ निघाला. ती माती कुठली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

साताऱ्याला आलो आणि सगळं उलटं झालं. इथेही पिना जाम होतात, पण पॅडला जाम झालेल्या पिनांमुळे मरायला सवडच मिळत नाही.

साताऱ्यातून कुठेही निघा, घाट आडवा येतो. समर्थ मंदिरावरून कासला जायला यवतेश्वरचा घाट. मेढ्यावरून महाबळेश्वरला केळघरचा. वाईवरून पाचगणीला पसरणी. पाटणवरून कोयनानगर ओलांडून चिपळूणला उतरायला कुंभार्ली. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा, आणि तो संपला की खंडाळ्याकडचा तो उतार आणि एस अक्षरासारखं वळण, जिथे झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

पसरणीचं एक गणित मी शिकाऊ पोरांना फळ्यावर करून दाखवतो. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या जवळ. म्हणजे उतार पावणेसहाशे मीटरचा. गाडी आणि माणसं मिळून बाराशे किलो धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणायचं म्हणजे साधारण ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायला हवी. तीच गाडी हायवेवर ताशी ८० ने धावताना एकदा पूर्ण थांबवायला सुमारे ३ लाख ज्यूल लागतात. इंजिनाची काही मदत घेतलीच नाही तर एकदा पाचगणीहून वाईला उतरणं म्हणजे ऐंशीच्या वेगातून बावीस-तेवीस वेळा कचकन थांबणं, तेही मध्ये विश्रांती न घेता. रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा. सांगली ते मिरज अंतर त्याहून थोडंच कमी. मीटरवर दोन्ही प्रवास जवळपास सारखेच पडतात.

आणि ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते कुठे? बरीचशी पुढच्या दोन डिस्कमध्ये, कारण ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं आणि जास्त काम पुढच्या चाकांना पडतं. डिस्क बिडाची असते, करड्या ओतीव लोखंडाची. बीड उष्णता चांगली शोषतं, कंपन मुरवतं आणि स्वस्त पडतं, म्हणून एवढ्या वर्षांत त्याला छोट्या गाडीत पर्याय आला नाही. पण पॅडच्या मसाल्याचं तसं नाही. तो एका मर्यादेपलीकडे तापला की नुसता झिजत नाही, जळायला लागतो. थंड पॅड हजार किलोमीटरात जेवढा झिजेल तेवढा तापलेला पॅड एका उतारात झिजू शकतो. वर त्याच्या तोंडावर काचेसारखी चकाकी येते. मग पॅड जाड दिसतो, पण धरत नाही.

रविवारी संध्याकाळी वाईच्या बाजूला घाटाच्या पायथ्याशी उभं राहिलं तर हा वास येतो. जळक्या क्लचसारखा, पण जास्त आंबूस. बाहेरून आलेल्या गाड्या ओळीने बाजूला घेतलेल्या असतात, चाकांतून धूर निघतोय, आणि कुणीतरी हमखास पाण्याची बाटली चाकावर ओतत असतो. असं करू नका, एवढं मी तिथून जाताना थांबून सांगतो. लालबुंद तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर डिस्क तडकू शकते. नाही तडकली तरी पुढे तिच्यात खोड राहते. गाडी उभी करायची, पायब्रेक सोडायचा, गिअरमध्ये टाकायची, चाकामागे दगड लावायचा आणि अर्धा तास चहा प्यायचा.

पायब्रेक सोडायचा, यालाही कारण आहे. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून ठेवला की मसाल्याचा थर त्या जागी चिकटतो. मग डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो, पण पुढे ऐंशीच्या वेगात ब्रेक लावला की पेडल पायाखाली थरथरतं आणि स्टेअरिंग हलतं. लोक म्हणतात, डिस्क वाकली. डायल गेज लावून बघितलं तर डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसते, तिची जाडी कमीजास्त झालेली असते.

गाडी ज्या गिअरात चढते त्याच गिअरात उतरवायची, ही आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांची शिकवण. अॅम्बॅसिडर आणि पद्मिनीला जुन्या काळी चारही चाकांना ड्रम होते. ड्रम तापून फुगला की लायनरपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं, त्यामुळे त्या पिढीला इंजिन ब्रेकवर विसंबावंच लागे. आता ब्रेक इतके चांगले झाले की ही शिकवण गेली. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे मला अजून भेटतात. प्रत्यक्षात गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आजच्या इंजिनात पेट्रोल जायचं जवळजवळ बंदच होतं, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे पेट्रोलही गेलं आणि पॅडही. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांची तऱ्हा निराळी. गाडीला मॅन्युअल किंवा खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, हे घाटात धूर निघाल्यावर कळतं. २०१९ च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा 'आमच्या गाडीला एबीएस आहे' असंही सांगितलं जातं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. उष्णतेशी त्याचा काही संबंध नाही.

पॅडच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल जुनी गाडी घेणारा कधीच विचारत नाही. ब्रेक ऑइल. हे हवेतली ओल पितं. बहुतेक गाड्यांत असतं ते डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. ओल प्यायलं की ती किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथल्या टॅक्सीवाल्यांना मी दीड वर्षातच बदलायला लावतो. घाटात कॅलिपर तापला आणि आत जुनं ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल खाली तळाला लागतं आणि गाडी तशीच चालत राहते. पॅड तेव्हा कितीही जाड असोत.

तर जुनी गाडी. आमच्या भागात जुन्या गाडीचं वर्णन करायची एक पक्की पद्धत आहे. 'सिंगल हँड, डॉक्टरची गाडी.' मिरज हे दवाखान्यांचं गाव. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकातलं. तिथे डॉक्टर पुष्कळ, हे मान्य. पण मिरजेत जेवढे डॉक्टर आहेत त्यांच्या कितीतरी पट डॉक्टरांच्या गाड्या दरवर्षी विकल्या जातात. नंबर एमएच १० असला की घाटातल्या लोकांना बरं वाटतं, कारण सपाटीवरची गाडी. एमएच ११ दिसली की सांगलीकर नाक मुरडतो. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. सांगलीचा माणूस वर्षभर सपाटीला गाडी चालवतो आणि दिवाळीत पाचजण आणि डिकीभर सामान भरून गणपतीपुळ्याला अंबा घाट उतरतो, पाय ब्रेकवरून न काढता. उलट साताऱ्यातल्या कितीतरी गाड्या पोवई नाका ते राजवाडा यापलीकडे जात नाहीत.

म्हणून मी नंबर प्लेट बघत नाही आणि मीटर तर त्याहून नाही. मीटर मागे फिरवायला किती वेळ लागतो हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. चाक खोलायचं आणि डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून नख फिरवायचं.

पॅड डिस्कच्या अगदी टोकापर्यंत पोचत नाही. कडेला दोन-चार मिलिमीटरची पट्टी घासली जात नाही, ती नव्या डिस्कइतकीच जाड राहते, वर गंज धरते. आतला भाग झिजत जातो आणि कडेला पायरी तयार होते. नख अडकलं की पायरी आहे. पण नखाने अंदाज येतो, माप येत नाही. व्हर्नियर लावणारे पुष्कळ जण ही कडच मोजतात आणि डिस्क जाड आहे म्हणून सांगतात. माप मायक्रोमीटरने घ्यायचं, घासलेल्या भागाचं, तीन-चार ठिकाणी. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, बहुधा मधल्या टोपीवर किंवा कडेला, गंजाखाली. नव्या डिस्कपेक्षा ती साधारण दोन मिलिमीटर कमी असते. दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर गेला की डिस्क संपली. त्याखालची डिस्क लगेच मोडत नाही, पण तेवढीच उष्णता आता कमी लोखंडात मावायची असते, आणि हे पुन्हा घाटातच कळतं.

पाऊस पडून गेल्यावर सकाळी डिस्कवर नारिंगी गंज दिसतो, त्याला घाबरू नये. दोन-तीनदा ब्रेक लावला की जातो. खोल खड्डे पडलेला गंज वेगळा. ती गाडी महिनोन्महिने उभी होती.

आता जी गोष्ट विकणारा अभिमानाने सांगतो ती मला सगळ्यांत आधी खटकते. 'पॅड नवेकोरे टाकलेत.' विकायच्या गाडीत कुणी स्वतःच्या खिशातून चांगले पॅड का टाकेल? पॅड स्वस्त, दिसायला कोरे, आणि एका जागी सगळा इतिहास पुसून टाकतात. जुन्या पॅडवरून कळलं असतं की आतला-बाहेरचा सारखा झिजलाय का, तोंडावर चकाकी आहे का, डावा-उजवा फरक किती. नवे टाकले की हा पुरावा गेला. डिस्क बदलायला मात्र तिप्पट-चौपट पैसे लागतात, म्हणून ती जुनीच राहते. काही जण लेथवर नेऊन डिस्कचं तोंड घासून घेतात. कड जाते, डिस्क चकचकते. मायक्रोमीटरला मात्र ती फसवत नाही. उलट घासल्याने आणखीच बारीक झालेली असते.

मागच्या पावसाळ्याआधी केळघरच्या वरच्या अंगाला एका शाळेत शिकवणाऱ्या बाई आल्या. माहेर तासगावकडचं. तिकडच्या एका एजंटाकडून त्यांच्या भावाने त्यांच्यासाठी एक गाडी बघितली होती. व्यवहार व्हायचा होता, फक्त टोकन दिलेलं. भाऊ गाडी घेऊन थेट माझ्याकडे आला. मीटरवर अडतीस हजार. डॉक्टरची गाडी, हे सांगायला नकोच.

"दादा, पॅड नवे आहेत म्हणाले," बाई म्हणाल्या.

"असतील की ताई. चाक काढू या."

पॅड खरंच नवे होते, पेटीवरचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. डिस्कच्या कडेला नख अडकलं. मायक्रोमीटर लावला तर उजवी डिस्क किमान जाडीच्या खाली गेलेली, डावी जेमतेम वर. अडतीस हजारात एवढी डिस्क जात नाही. म्हणजे एकतर मीटर फिरवलेलं, नाहीतर गाडी कायम घाटात टॅक्सीसारखी पळालेली. भाऊ म्हणाला, यातलं नक्की कुठलं? मी त्याला म्हणालो, ते मला डिस्क सांगणार नाही. ब्रेकच्या पेडलचं रबर बघ, ड्रायव्हरच्या सीटची कड बघ, सर्व्हिसची नोंद मागव. पण तुझ्या बहिणीला खर्च दोन्हीत तेवढाच पडणार आहे.

मागचे ड्रम काढले. लायनर ठीक, डाव्या व्हील सिलिंडरला ओल. ऑइल काळपट. मी कागदावर खर्चासकट लिहून दिलं: दोन डिस्क, चांगले पॅड, एक व्हील सिलिंडर, ऑइल, पिनांचं काम. भावाने तो कागद एजंटाला पाठवला. तिकडून आधी 'मिस्त्री लोक असंच सांगतात' आलं, मग दुसऱ्या दिवशी किंमत कमी झाली, कागदावरच्या रकमेच्या दुपटीहून थोडी जास्त. मला वाटतं घासाघीस करायला डिस्कसारखी गोष्ट नाही. रंगावर, टायरवर, गादीवर मतं असतात. डिस्कवर किमान जाडी कंपनीनेच कोरून ठेवलेली असते, तिच्याशी वाद घालता येत नाही.

गाडी त्यांनी घेतली, आणि मी काम केलं. नव्या डिस्कवर कारखान्यातलं तेल असतं, गंज धरू नये म्हणून लावलेलं. ते ब्रेक क्लीनरने पुसून मगच बसवायची. डिस्क जिथे टेकते तो हबचा भाग तारेच्या ब्रशने साफ केला. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क तिरकी बसते आणि महिन्या-दोन महिन्यांत पेडल थरथरायला लागतं. हे काम दहा मिनिटांचं असतं, आणि नेमकं तेच गाळलं जातं.

मग बसवणी. नवा पॅड नव्या डिस्कवर लगेच पुरा धरत नाही. दोघांची तोंडं जुळावी लागतात, मसाल्याचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढावा लागतो. कोरेगावच्या रस्त्यावर मोकळ्या पट्ट्यात मी साठपर्यंत जायचं, हळूच दाबत वीसवर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून गार होऊ द्यायचं, पुन्हा तेच, असं बऱ्याचदा केलं. आणि गाडी देताना सांगितलं, पहिले दोनेकशे किलोमीटर घाट नको आणि कचकन ब्रेक नको.

"अहो दादा, माझी शाळा घाटात आहे," बाई म्हणाल्या. "आणि सोमवारपासून परीक्षा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवडाभर एसटीने शाळेला गेल्या. त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी गाडी कोरेगावपर्यंत नेऊन आणायचा. त्याला लायसन नुकतंच मिळालं होतं, त्याची काही तक्रार नव्हती.